काळ्याच्या छटा

सोलापूरच्या घरातला पिक्चर ट्यूबचा टीव्ही अखेर बंद पडला. दूरदर्शनवर रंग आले १९८२ साली. आमच्या घरी ते आले १९९६ मध्ये, बाबांनी हा डबा आणला तेव्हा. त्याच्या काचेजवळ लोहचुंबक नेऊन मी कोपऱ्यात जांभळा डाग पाडला होता आणि मार खाल्ला होता. आता बाबा नाहीत. आई एकटी असते. नवा टीव्ही मी घ्यायचा ठरलं.

मी बंगळुरूत राहतो. तीन आठवडे रात्री जागून अभ्यास केला. दुकानात ज्याला एलईडी म्हणतात, तो मुळात एलसीडीच. मागे एलईडीचे दिवे लावलेला. क्यूएलईडीलाही मागचा दिवा असतोच, फक्त रंग खुलवणारा एक थर वाढतो. द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. खिडकीच्या पट्ट्यांसारखे मागचा उजेड अडवतात किंवा सोडतात. थोडा झिरपतोच, म्हणून रात्रीचं दृश्य राखाडी दिसतं. ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक बिंदू आपला आपण पेटतो, आपला आपण विझतो. तिथे काळा म्हणजे खरोखर काळा.

दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात तो काळा पाहिला आणि मी भुललो. आईसाठी हाच घ्यायचा, दुप्पट पैसे पडले तरी.

विक्रेत्या मुलाने हिंदीत विचारलं, बघणार कोण? दिवसाला किती तास? एकच चॅनेल की बदलून बदलून? खोलीत ऊन येतं का? ओएलईडीचे बिंदू वापराने झिजतात, तो सांगू लागला. चॅनेलचं बोधचिन्ह रोज तासन्‌तास एकाच जागी राहिलं, तर तिथे कायमचा डाग उमटू शकतो.

ऊन येतं, एवढं मला ठाऊक होतं. बाकी एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. तिथूनच फोन लावला.

"आई, टीव्ही किती वेळ चालू असायचा गं?"

"सकाळी चहाला लावला की रात्री झोपेपर्यंत."

"एवढं काय बघायचीस?"

"बघतंय कोण? बातम्यांचं एकच चॅनेल लावलेलं असायचं. घरात कुणीतरी बोलायला नको का?"

मुलगा माझ्याकडे बघत उभा होता. मी साधा एलसीडी घेतला. उजेडाच्या खोलीला तोच बरा, आणि दिवसभर एकच चॅनेल लावलं तरी चिंता नाही.

दिवाळीला गेलो तेव्हा आई म्हणाली, "चित्र झकास आहे रे. पण आवाज जुन्याचाच बरा होता."

खरंच होतं. जुन्या डब्याला पोट होतं. या चपट्या टीव्हीत स्पीकरला जागाच कुठे? तो खाली तोंड करून पुटपुटतो. तीन आठवडे मी काळ्याच्या छटा मोजत बसलो होतो. आवाजाबद्दल एक ओळ वाचली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी बाजारातून वेगळा स्पीकर आणून जोडला.

आता फोन केला की आईच्या मागे बातम्या खणखणीत ऐकू येतात. पूर्वी मी म्हणायचो, "आधी तो आवाज कमी कर." आता म्हणत नाही.