पडणाऱ्याची उचल

वर चढणाऱ्याचें कौतुक सारेच करतात. पण पडावें कसें, याचा अभ्यास करण्याची बुद्धि फार थोड्यांना होते. आम्हांला ती उतारवयांत झाली, आणि तीहि संगणकाच्या पडद्यापुढें बसल्यावर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील मार्टिन श्वाइगर या शास्त्रज्ञानें 'ऑर्बिटर' नांवाचा अवकाशप्रवासाचा सिम्युलेटर २००० सालीं लोकांपुढें ठेवला आणि २०२१ सालीं त्याची मूळ आज्ञावलीहि सर्वांना खुली केली. त्यांत आपलें यान आपणच घडवून उडवितां येतें. आमच्या पुतण्यानें तो आमच्या संगणकावर बसवून दिला, आणि चंद्राहून परतणारी, अपोलोच्या धर्तीची एक कुपी तयार करण्याचा आम्हीं घाट घातला.

अशी कुपी आपला बोथट तळ पुढें करून हवेंत शिरते. ती बुटकी घंटा पाहून आमची समजूत झाली कीं, हिला पंख नाहींत, तेव्हां ही उडणार कसली? ही नुसती पडणार! म्हणून आम्हीं हवेचा अवरोध तेवढा मांडला आणि उचल शून्य धरली. सेकंदाला ११ किलोमीटर वेगानें कुपी वातावरणांत घुसली, आणि आंतील माणसांवरचा भार त्यांच्या वजनाच्या बारापटींपलीकडे गेला. अपोलोचे खरे प्रवासी साधारण साडेसहापट भार सोसून परतत असत.

मग पुस्तकें उघडलीं. वाचकहो, पावसाळ्यांत छत्री वाऱ्यासमोर सरळ धरली तर वारा आपल्याला मागें रेटतो. तीच किंचित् तिरपी झाली कीं हात एका बाजूला ओढला जातो. ही बाजूची ओढ म्हणजेच उचल. अपोलोची कुपी सुमारें २० अंश कलून येई, आणि तेवढ्या कलानें तिला अवरोधाच्या सुमारें तीन-दशांश उचल मिळे. ती उचल वर वळविली कीं कुपी विरळ हवेंत अधिक वेळ रेंगाळते, वेग सावकाश ओसरतो आणि भार पुष्कळ हलका होतो. आम्हीं कल अपोलोचा घेतला. पण उचलीचें चिन्ह मात्र विमानाच्या पंखावरून घेतलें. कुपी दगडासारखी खालीं गेली! बोथट तळाचा न्याय पंखाच्या उलट असतो. हवा मुख्यतः त्या तळावर काटकोनांत रेटा देते. म्हणून तळाचें तोंड वर केलें तर रेटा खालीं वळतो, आणि खालीं केलें तर वर.

चिन्ह बदललें, आंकडे जरा इकडचे तिकडे केले, आणि चौथ्या दिवशीं कुपी प्रशांत महासागरांत योजल्या जागीं उतरली. भारहि साडेसहापट! आम्हीं घरांतील सर्वांना बोलावून तो सोहळा दाखविला. पुतण्या मात्र पडद्याच्या कोपऱ्यांतील इंधनाच्या कांट्याकडे पाहत होता. तो म्हणाला, "काका, ही तिरपी राहते ती कोणाच्या जोरावर? तुमचीं इंजिनें तिला सारखीं ढोसताहेत."

प्रश्न वर्मीं लागला. खऱ्या कुपींत हें काम इंधन करीत नाहीं. आंतील वजन मुद्दाम एका बाजूला अधिक ठेवून गुरुत्वमध्य अक्षापासून थोडा सरकवितात. मग हवाच कुपीला त्या तिरप्या अवस्थेंत तोलून धरते. आमच्या कुपीला हवा सरळ करूं पाहत होती आणि आम्ही तिला जबरीनें वांकडी धरून बसलों होतों. उत्तर जुळावें म्हणून मधल्या पायऱ्या रचणाऱ्या मुलांचे गुण आम्हीं तीस वर्षें शाळेंत कापले. तोच उद्योग आतां आमच्या हातून झाला होता.

दुसऱ्या दिवशीं सारें मोडून पुन्हा मांडलें. 'ऑर्बिटर'मध्यें यानाचा गुरुत्वमध्य हाच मोजणीचा आरंभबिंदु असतो. तेव्हां तो न हलवितां हवेच्या रेट्याचा बिंदु बाजूला सरकवावा लागतो. तसें करतांच कुपी चार-दोन हेलकावे घेऊन आपसूक कलली आणि स्थिरावली. पण ती उतरली योजल्या जागेच्या २०० किलोमीटर अलीकडे. खोटी कुपी अचूक उतरत होती आणि खरी चुकत होती! जुनीच ठेवावी, कोणाला कळणार आहे, असा विचार मनांत आलाच नाहीं असें म्हणणें लबाडीचें होईल.

त्या वेळीं आम्हांला जेमिनि-३ ची आठवण झाली. २३ मार्च १९६५ रोजीं ग्रिसम आणि यंग हे दोघे त्या यानांतून परतले, ते ठरल्या जागेच्या ८० किलोमीटरांहून अधिक अलीकडे. वाऱ्याच्या बोगद्यांतील प्रयोगांवरून जेवढ्या उचलीची अपेक्षा होती, तेवढी प्रत्यक्षांत मिळाली नाहीं. जेथें नासाच्या शास्त्रज्ञांना आपला आंकडा चुकल्याचें मान्य करावें लागलें, तेथें आम्हीं लाजावें कशाला? जुनी कुपी आम्हीं पुसून टाकली.

नवीस आतां उडवावयास शिकत आहों. अशा कुपीची उचल बंद करतां येत नाहीं. तिची दिशा तेवढी आपल्या हातीं असते. कुपीनें कूस बदलली कीं उचल वर, खालीं किंवा बाजूला वळते. १९६९ च्या जुलैमध्यें अपोलो-११ च्या नियोजित जागीं हवा वादळी असल्यामुळें ती जागा सुमारें ४०० किलोमीटर पुढें नेली गेली. तो अधिक पल्ला या उचलीच्याच जोरावर गांठला. उलट, १९ एप्रिल २००८ रोजीं सोयूझ टीएमए-११ ही कुपी उचलीचा लाभ न मिळतां उतरली, तेव्हां प्रवाशांवर आठपटींहून अधिक भार पडला आणि ती ४०० किलोमीटरांहून अधिक अलीकडे माळरानावर येऊन पडली.

आमची कुपी अजून तीस-चाळीस किलोमीटर चुकते. पण ती कोणी न धरतां तिरपी राहते, आणि चुकली तर कां चुकली हें आम्हांला सांगतां येतें. काल पुतण्यानें इंधनाचा कांटा पाहिला आणि कांहीं न बोलतां खुर्ची ओढून तो आमच्याशेजारीं बसला.