तेल, चुना आणि सनस्क्रीन

रविवार. सिंगापूरच्या सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलला जाताना लेकीने विचारलं, "आई, देवळात लिपस्टिक चालते?" पेत्राच्या पत्रात अंतःकरणाच्या शृंगाराला मान आहे, तो मला मनापासून पटतो. पण उपासातही डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असं येशूनेच सांगितलंय. आणि हे देऊळ? हिंदुस्थानी कैद्यांनी चुना, अंड्यातलं पांढरं आणि साखर कालवून भिंती गिलावल्या, घोटून घोटून चकचकीत केल्या. १८६२ साली ते देवाला अर्पण झालं. इतकी देखणी सेवा! देवाला सौंदर्याचं वावडं नाहीच. मला सलतात त्या गोरेपणाच्या क्रीम. देवाने दिलेला सावळा रंग पुसायचा कशाला? लेकीला ती क्रीम मी घेऊन देणार नाही. सनस्क्रीन मात्र आजच घेऊ, इथलं ऊन फार भाजतं.