कंडेन्सर गेला की

मार्च सरता सरता आमच्या शेजारच्या काकू दार वाजवतात. "अरे, पूर्वी पंखा तीनवर ठेवला तरी शाल घ्यावी लागायची, आता पाचवरही वारा लागत नाही." वायरमनला विचारलं तर तो वर न बघताच सांगतो, "कंडेन्सर गेला." बहुतेक वेळा त्याचं खरंच असतं.

छताच्या हुकाजवळच्या कपात एक छोटी डबी असते, तोच हा कंडेन्सर. दोन वायरी, अंगावर '२.५ मायक्रोफॅरड', बाकी रुबाब काही नाही. पण ती पूर्ण गेली की पंखा नुसता गुरगुरतो, जागचा हलत नाही. अशा वेळी काठीनं पातं ढकललं तर तो हळूहळू फिरू लागतो. मौज पुढेच आहे: उलटं ढकललं तर तितक्याच आनंदानं उलटाही फिरतो आणि वारा छताला घालतो!

घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. तिच्या एका वेटोळ्यातून मिळते ती नुसती मागेपुढे ओढाताण. गोल फिरायचं कुठल्या बाजूनं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून पंख्यात दुसरं वेटोळं असतं आणि कंडेन्सर त्यातला प्रवाह थोडा आधी पोचवतो. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी खुंटा एकीमागून एक ओढतात, तसं. फिरत्या चुंबकीय क्षेत्राची ही युक्ती निकोला टेस्ला आणि ट्युरिनचे गॅलिलिओ फेरारिस यांनी स्वतंत्रपणे शोधली आणि १८८८ साली दोघांचंही काम जगापुढे आलं. काकूंच्या बेडरूममध्ये ती अजून गरगरते आहे.

डबीच्या आत प्लास्टिकची तलम फिल्म असते, तिच्यावर धातूचा अतिपातळ थर. विजेच्या एखाद्या झटक्यानं फिल्मला भोक पडलं तर भोकाभोवतीचा धातू क्षणात उडून जातो आणि शॉर्ट आपोआप मिटतो. जखम बरी होते, पण थर तेवढा कमी होतो. अशा भोकाभोकानं अडीच मायक्रोफॅरडचे दोन होतात, दोनाचा दीड, आणि काकूंना शाल नकोशी होते. वेग असा चोरपावलांनी उतरतो म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

बदलायचं काम पाच मिनिटांचं. मेन स्विच बंद, टेस्टरनं खात्री, स्टूल धरायला कुणीतरी. (स्टूल धरणारा सल्ले फार देतो, ते ऐकायचे नाहीत.)

हल्ली बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) मोटरचे पंखे आले. जुना पंचाहत्तर वॅटच्या आसपास खातो, हे तीस-पस्तिसात भागवतात. बचत खरी आहे आणि हॉलमध्ये मीही लावलाय. पण तो बंद पडला की वायरमन आतल्या सर्किटवर नजर टाकून "पूर्ण प्लेट बदला" एवढंच म्हणतो, आणि त्या प्लेटच्या पैशांत काकूंचे पुढचे कितीतरी उन्हाळे निघतात. त्यांना मी नवा पंखा घ्या असं अजून सांगितलेलं नाही.