झीलकऱ्यांचा तास

आठवीला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा धडा आला, की तारखा सुरू होतात. २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, १९५६ चं द्वैभाषिक राज्य, १ मे १९६०. मुलं पाठ करतात, लिहितात, गुण मिळवतात. यंदा मी हा धडा वर्गाकडून गाऊन घेतला. ही चळवळ गावोगाव पोचली तीच मुळी शाहिरांच्या डफावर. अमर शेख, गवाणकर आणि आमच्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी ती लोकांच्या तोंडी दिली.

अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ वर्गात ऐकवली, पण पाठ करून घेतली नाही. आपला पोवाडा आपणच रचायचा, असं ठरलं. हलगी एकाच्या आजोबांची, टाळ देवळातले. ज्यांना एरवी वाचायला सांगितलं की मान खाली जाते, ती मुलं झीलकरी झाली आणि ‘जी जी जी’ करत खिडक्या हलवू लागली.

पोवाड्यात गिरणी कामगार झालेला मुलगा मध्येच थांबला. “सर, ह्यो गाव सोडून गेलाच कशाला?”

धड्यात याचं उत्तर नव्हतं. मग दुष्काळ, सावकार, वाटण्या होऊन उरलेलं गुंठाभर रान, सगळं निघालं. निम्म्या वर्गाचं कुणी ना कुणी मुंबईला गेलेलं होतंच. मुंबईसाठी लोक एवढे का पेटले, ते मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मुंबई वेगळी ठेवा म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र त्यांनी नुसता दुष्ट करून टाकलं होतं. त्यालाही एक कडवं द्या, असा मी हट्ट धरला. त्याने लावलेलं भांडवल, त्याला वाटणारी भीती, हे त्याच्याच तोंडून यायला हवं. ते कडवं रचायला सगळ्यात जास्त वेळ लागला. माझ्या मते इतिहास त्या कडव्यातच शिकून झाला.

शेवटी १०६ हुतात्मे चालीत बसेनात. “शंभर करूया की,” एक जण म्हणाला. त्यावर हलगीवाली मुलगी उसळली, “मग सहा जणांच्या घरी काय सांगायचं?” चाल बदलली, आकडा राहिला.

आता त्यांना पुढचा पोवाडा पत्री सरकारवर हवाय. क्रांतिसिंह नाना पाटलांबद्दल घरी जे ऐकलंय, ते आधी लिहून आणा, मग हलगी काढू, असं सांगितलंय. चौघांच्या वह्या आल्यासुद्धा.