आवाज जास्त, घोडे कमी!

शनिवारी सकाळी नाना पेठेतली शटर्स वर जायला लागली, की बाइकवेड्या पुण्याचा वीकएण्ड सुरू होतो. स्पेअर पार्ट्सच्या या बाजारात चेन-स्प्रॉकेटपासून १९९६ मध्ये बंद झालेल्या आरएक्स १०० च्या पिस्टनपर्यंत काहीही मागा. माझ्या सेकंडहँड, पहिल्या मॉडेलच्या आर-१५ साठी सायलेन्सर आणि एअर फिल्टर मी इथूनच उचलला. आठ हजार गेले, पण आवाज? एकदम ढिंच्यॅक! पहिल्याच दिवशी वाटलं, बाइक उडतेय.

खरंच उडतेय का, हे कळायचे दोन मार्ग. एक, रात्री बायपासवर मूठ पूर्ण पिळायची. आमच्या ग्रुपमधल्या एकाने गेल्या वर्षी तेच केलं. पायात रॉड बसलाय, ऑफिसला रिक्षाने जातो. दुसरा मार्ग, डायनो.

म्हणून मी निघाले भोसरीला. मेट्रोच्या पुलाखालून जुना मुंबई-पुणे रस्ता, नाशिक फाट्याला उजवीकडे, मग एमआयडीसी. लेथच्या खडखडाटात एक पत्र्याचं शेड. आत जमिनीत बसवलेला जाडजूड लोखंडी ड्रम, समोर भलामोठा पंखा आणि एक कॉम्प्युटर. नव्या मॉडेल्सच्या अधिकृत चाचण्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत होतात. तुमच्या-आमच्यासाठी हे शेड!

बाइकचं मागचं चाक ड्रमवर, पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं. चौथा गियर, फुल थ्रॉटल. ड्रमचं वजन माहीत असतं. तो किती झटपट वेग घेतो, त्यावरून कॉम्प्युटर ताकद काढतो. सायलेन्सरमध्ये खुपसलेला सेन्सर हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगतो. आवाजाने छाती हादरत होती. मी खूश!

स्क्रीनवर आकडा आला, १३.५ पीएस.

‘‘काका, कंपनी तर १७ म्हणते!’’

‘‘ते क्रँकवर, मॅडम. चाकापर्यंत येताना गियरबॉक्स, चेन, टायर आपापला हप्ता कापून घेतात. पण तुमचा आकडा त्यातही कमी आहे. हा खड्डा बघा.’’

४००० ते ६५०० आरपीएममध्ये ग्राफ खाली बसला होता. सिटीत आपण नेमके तिथेच असतो. मोकळ्या सायलेन्सर-फिल्टरमुळे हवेचा हिशेब बदलला, पण पेट्रोल जुन्याच मापाने येत होतं. एका भाग पेट्रोलला साडेचौदाच्या वर हवा. ताकदीसाठी ती तेराच्या आसपास लागते. वर पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, म्हणजे इथली हवा मुंबईपेक्षा ५ टक्के विरळ. म्हणून काका दर वेळी तापमान, दाब आणि दमटपणा टाकून आकडा दुरुस्त करतात.

त्यांनी फोनवर सांगितलं होतं म्हणून जुना सायलेन्सर-फिल्टर सॅकमध्ये होताच. तो बसवला, इंजिन तेवढंच गरम केलं, टायरची हवा तीच ठेवली. तीन रन. तिन्ही १४.६ च्या आसपास! आठ हजार मोजून मी ताकद घालवली होती.

‘‘आवाज कानाला कळतो,’’ काका हसले, ‘‘ताकद ड्रमला.’’

परतताना बाइक गपगार होती. नाशिक फाट्याच्या सिग्नलवर कुणी वळूनही पाहिलं नाही. सिग्नल सुटला आणि पूर्वी जिथे मूठ पिळूनही ती अडखळायची, तिथे ती सरळ निघाली. घरी पोचल्यावर रॉडवाल्या मित्राला ग्राफचा फोटो पाठवला. रिप्लाय आला : ‘‘हे आधी सांगायचंस ना.’’

जाताय? हे लक्षात ठेवा
• बदल करण्याआधी एक रन, नंतर एक. दोन्ही एकाच डायनोवर, नाहीतर तुलना फोल.
• चेन, टायर, ऑइल आधी तपासा.
• फक्त सायलेन्सर बदलून भागत नाही, फ्युएल मॅपही बदलावा लागतो. शिवाय असा आवाज करत रस्त्यावर फिरलात, तर पावती नक्की!