आधार कोणाचा?

वसईच्या परिसरात कुळाचा शोध घेऊ लागले की वाट लवकरच दुभंगते. १५३४ पासून १७३९ पर्यंत येथे पोर्तुगीज अंमल होता. त्याची एक खूण म्हणजे घराघरांतील निराळी दप्तरे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाचे घर वाडवळ, दुसरीचे सामवेदी ख्रिस्ती. दोन्ही घराण्यांची माहिती आम्ही 'ग्रॅम्प्स' या मुक्त संगणक-प्रणालीत भरीत आहोत.

नावे भरणे सोपे. वेळ जातो तो आधारांच्या व्यवस्थेत. या प्रणालीत साधन आणि संदर्भ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची वही हे साधन; तिच्यातील अमुक पानावरची अमुक तारखेची नोंद हा संदर्भ. साधन एकदाच नोंदवायचे, संदर्भ लागतील तितके द्यायचे.

या भेदाचे मोल महिकावतीच्या बखरीपाशी कळते. बिंब राजाबरोबर उत्तर कोकणात आलेल्या कुळांची हकीकत तीत आहे, आणि येथील पुष्कळ घराणी आपले मूळ तेथवर नेऊन भिडवतात. परंतु निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी लिहिलेली प्रकरणे तीत एकत्र आली आहेत, हे १९२४ साली ती प्रसिद्ध करताना राजवाड्यांनीच दाखवून दिले. तेव्हा 'आधार : बखर' एवढ्याने काहीच सांगितले जात नाही; प्रकरण कोणते, हे सांगावे लागते. शिवाय तेथे कुळाचे नाव सापडले म्हणून आपला पूर्वज सापडला, असेही होत नाही.

खरी अडचण आली ती एका स्त्रीपाशी. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे आणि धर्ममातेचे नाव असते. वाडवळ घरातल्या हस्तलिखित वंशावळीत मात्र सारे पुरुषच. पणजोबांच्या आईचे नाव, तिचे आगाशीचे माहेर आणि ती प्लेगात गेल्याची हकीकत सांगितली ती आत्याबाईंनी. त्यांनी ती आपल्या आजीकडून ऐकलेली.

प्रणाली विचारते : विश्वास किती? 'अगदी कमी'पासून 'अगदी जास्त'पर्यंत पाच पायऱ्या आहेत. तोंडी माहिती म्हणून सरसकट खालची पायरी द्यावी, असे एकाचे मत. दुसरीचे म्हणणे असे की, वहीतही पाद्रीबाबांनी घरच्यांनी सांगितले तेच लिहिले ना? अखेर आम्ही एकाच कथनाचे तीन संदर्भ केले. नाव आणि माहेर यांना मधली पायरी दिली, कारण सुनेने सासूचे माहेर नातीला सांगावे, यात अंतर थोडे आहे. प्लेगाला खालची पायरी दिली आणि सालाच्या जागी '१८९६ नंतर' एवढेच लिहिले, कारण मुंबईत साथ सुरू झाली ती त्या वर्षी. साधन म्हणून आत्याबाईंचे नाव, कथनाचा दिवस आणि त्यांचे शब्द त्यांच्याच वाडवळी बोलीत उतरवून ठेवले.

गेल्या पावसाळ्यात आत्याबाई गेल्या. आता त्यांना पुन्हा विचारता येणार नाही. उद्या कोणी ही वंशावळ उघडील आणि या नावावर शंका घेईल, तर त्याने ती जरूर घ्यावी. मात्र कोणाच्या शब्दावर आपण शंका घेत आहोत, हे त्याला तेथेच वाचता येईल.