वर्तुळाच्या मधला माणूस

डहाणूच्या गाडीने निघालेल्या मुंबईकराला विरार मागे पडल्यावर प्रथम हातपाय मोकळे करता येतात आणि मग खिडकीबाहेर पाहण्याची बुद्धी होते. वैतरणेचे पूल येतात, ताडांच्या रांगा येतात, आणि दिवाळीच्या सुमारास असाल तर कापणीला आलेले भात दिसते. सुमारे शंभर किलोमीटर झाले की बोईसर. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले, त्यामुळे हे नाव शाळकरी मुलालाही पाठ असते. स्टेशनच्या पश्चिमेला औद्योगिक वसाहत पसरली आहे आणि तिला लागूनच कुंभवली हे गाव आहे. निसर्गशोभा पाहण्यासाठी येथे कोणी येत नाही. येथला दिवस कारखान्याच्या पाळ्यांनी मोजला जातो.

पण तुळशीचे लग्न लागले की या पट्ट्यातल्या रात्रींचा रंग पालटतो. लग्नसराई सुरू होते, आणि आमच्या ठाणे-पालघरकडे लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा! टेंपोवर माणसाहून उंच कर्णे रचलेले, त्यांच्यामागे यंत्राशी उभा असलेला डीजे, आणि पुढे सारी वऱ्हाडी मंडळी नाचात रंगलेली. कोणत्या गाण्यानंतर कोणते लावायचे, मावशी-आत्यांना केव्हा उठवायचे, दमलेल्यांना केव्हा दोन मिनिटे उसंत द्यायची, हे सारे त्या एका माणसाच्या हाती असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. तेव्हा दहाच्या आत नाच शिगेला पोचवायचा, हेही गणित त्यालाच साधावे लागते.

हा माणूस म्हातारा झाल्यावर काय करतो?

गावोगावच्या सुपाऱ्या घेत फिरणे हे विशी-पंचविशीचे काम. खोकी उचलायची, पहाटे परतायचे आणि सकाळी पुन्हा कामावर उभे राहायचे. चाळिशीत कंबर बोलू लागते, आणि त्याहून घातक म्हणजे कान बोलेनासे होतात. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसाळ पेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली करमणुकीच्या जागांसाठी सरासरी शंभर डेसिबलची मर्यादा सुचवली. नाचणारा त्या आवाजात एक रात्र असतो. वाजवणाऱ्याची सारी उमर त्यात जाते.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेले नाही. इंग्लंडचा कार्ल कॉक्स हा १९६२ सालचा. जगभर फिरून वाजवणारा हा गडी भूमध्य समुद्रातल्या इबिझा बेटावर एकाच नाचघरात पंधरा उन्हाळे वाजवीत राहिला. २०१६ साली ते घर बंद झाले तेव्हाच तो मुक्काम हलला. अशा मुक्कामात गंमत अशी की प्रवास लोकांनी करायचा आणि वाजवणाऱ्याने जागेवर राहायचे. आपल्या गोव्यात याचे आणखी जुने उदाहरण होते. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियाचा एक तरुण हणजुण्याच्या किनाऱ्यावर आला आणि पुढे गोवा गिल या नावाने जगाला माहीत झाला. साठी उलटल्यावरही तो चोवीस-चोवीस तासांच्या बैठका एकट्याने वाजवीत असे. २०२३ साली, बहात्तराव्या वर्षी, तो गोव्यातच वारला. त्याच्यासाठी माणसे समुद्र ओलांडून येत.

आता एवढ्या लांब जाण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण कुंभवलीहून रेल्वे ओलांडून पूर्वेला, जव्हारच्या डोंगराकडे वळले, की याच विद्येचे फार पुराणे घराणे भेटते. त्याचे चित्र आपल्या दिवाणखान्यात आहेच. पडद्यावर, चहाच्या पेल्यावर, लग्नपत्रिकेवर छापलेले ते वारली चित्र आठवा. नाचणाऱ्यांचे नागमोडी वर्तुळ आणि मधे लांब वाद्य फुंकणारा एकटा माणूस. त्या वाद्याचे नाव तारपा. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढेच त्याचे भांडवल. विजेचे नाव नाही. वाजवणारा वळेल तिकडे वर्तुळ वळते, त्याने चाल बदलली की पावले बदलतात, आणि त्याच्याकडे कोणी पाठ करीत नाही. वाघबारशीपासून दिवाळीपर्यंतचे दिवस हे याचे ऐन हंगामाचे दिवस.

तारप्याचा सूर मधे तुटू द्यायचा नसतो. गालांत हवा साठवून ती फुंकीत राहायचे आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घ्यायचा. तरुणपणी पाड्यापाड्यांवर रात्र-रात्र असे वाजवता येते. वय झाले की दम पुरत नाही आणि रानवाटा लांब वाटू लागतात. पण कोणत्या घटकेला चाल बदलावी, नाच कोठे ढिला पडतो आहे, ही जाण वयाबरोबर वाढतच असते. अशा वेळी जाणत्याने कोवळ्या पोराच्या हाती वाद्य द्यावे, आपण शेजारी बसून खुणेने सांगावे, भोपळा पारखून नवा तारपा बांधावा. त्याची फिरती संपली तरी विद्या चालू राहते. अट एकच, समोर पोरगा हवा!

आणि घोडे अडते ते इथेच. पोराला आठवड्याच्या पाळीवर पगार मिळतो. भाताच्या खळ्यावरची रात्र त्याला परवडत नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे नव्वदीच्या घरातले तारपावादक. २०२६ च्या प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. उभा जन्म ज्या वाद्यात गेला त्याची कदर झाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु सन्मान एका माणसाचा होतो. वर्तुळाला पाय लागतात पुष्कळांचे.

आपण शहरातली मंडळी हौशी खरी. संमेलनाला तारप्याचे पथक बोलावतो, ध्वनिक्षेपकासमोर उभे करतो, दहा मिनिटांत टाळ्या वाजवून शाल देतो. म्हाताऱ्या वादकाला त्यासाठी एस.टी.ने आणि रेल्वेने दिवसभर हाडे खिळखिळी करून यावे लागते. जो नाच रात्रभर रंगायचा त्याचा नमुना तेवढा आपल्या पदरात पडतो. इबिझा आणि गोवा यांनी शोधलेली युक्ती आपणही का वापरू नये? जाणत्याची धावपळ थांबावी आणि ऐकणाऱ्यांनी थोडी चालावी. मानधनाचे पाकीट मात्र त्याच्या अंगणात जाऊन द्यावे, आणि शेजारी शिकणारा पोरगा बसला असेल तर त्याच्यासाठी वेगळे. रात्रीची मजुरी सुटली तर तो उद्याही बसेल.

मुंबईहून निघणारी गाडी बोईसरला तीन तासांच्या आत पोचते. यंदा वाघबारशीला बाहेर पडायचे ठरवले, तर दिवाणखान्यातल्या चित्रातला माणूस प्रत्यक्षात किती वर्षांचा झाला आहे, हे घरातल्या मुलांना पाहता येईल. मुलांचे पाय थोडे धुळीने भरतील, इतकेच.